शेजारचा अकरावा नियम

दामूअण्णा खरवंडीकरांची सगळी नोकरी दुसऱ्यांसाठी नियम लिहिण्यात गेली. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात ते मसुदे करायचे. वरच्यांना काहीतरी सुरू करायचं असे, काहीतरी बंद करायचं असे, कुणाला तरी अडवायचं असे. त्या इच्छेला अंघोळ घालून, भांग पाडून चारचौघांत पाठवायचं काम अण्णांकडे. मसुदे इंग्रजीत असत, पण त्यामागची चिकाटी अस्सल नगर जिल्ह्यातली होती. एका स्वल्पविरामावरून त्यांनी एका सहसचिवाला आठवडाभर ताटकळत ठेवलं होतं आणि शेवटी स्वल्पविराम अण्णांचाच राहिला होता. ही गोष्ट दिल्लीतल्या मयूर विहारमधल्या त्यांच्या सोसायटीत प्रत्येकाने निदान दोनदा ऐकलेली आहे.

घरात मात्र त्यांचा एकही नियम चालत नसे. घर सुमित्राकाकूंचं. कुठलं भांडं कुठल्या फळीवर, कोण कुठल्या खोलीत झोपणार, दूध कुणाकडून घ्यायचं, हे सगळं त्या ठरवायच्या. अण्णा घरात पाटावर मांडलेल्या गणपतीसारखे. मान मोठा, बोलायचं काही नाही. त्यांनाही ते बरं वाटे, कारण बाहेर दिवसभर बोलून झालेलं असे.

निवृत्त झालेला सरकारी माणूस दिल्लीत एक तर सोसायटीचा सेक्रेटरी होतो, नाहीतर सकाळच्या फेरीला जाऊन सरकार कसं चालवावं ते झाडांना सांगतो. अण्णांनी दोन्ही करून पाहिलं. मग गुरुग्राममध्ये कॉम्प्युटरचं काम करणारी देवयानी नावाची एक मुलगी त्यांच्याकडे आली आणि तिने अण्णांना पुन्हा कामाला लावलं.

देवयानीने 'शेजार' सुरू केलं होतं. महाराष्ट्रातून दिल्लीला माणसं येतात ती नोकरीला, परीक्षेला, नाहीतर मोठ्या सरकारी हॉस्पिटलात. पहिल्या दोघांचं कसंही निभतं. तिसऱ्यांचे हाल कुत्रा खात नाही. भाषा कळत नाही, गेट सापडत नाही, आणि रात्री पाठ टेकायला जागा नाही. शेजार हे फोनवर चालणारं, सगळ्यांना खुलं असलेलं, कुणाच्याही मालकीचं नसलेलं जाळं होतं. कुणाला काय हवं ते त्यात सांगायचं, कुणाकडे काय आहे तेही सांगायचं. त्यात माणसं सदस्य होती, तसे एआय मदतनीसही सदस्य होते. वाटाड्या नावाचा मदतनीस रस्ते आणि मेट्रो सांगायचा. बकुळ हॉस्पिटलचं बघायची. कुठल्या पेशंटच्या घरच्यांना कुणाच्या घरची रिकामी खोली द्यायची हे तीच जुळवायची. मराठी दोघांचंही अण्णांच्या दिल्लीत वाढलेल्या नातवंडांपेक्षा कितीतरी चांगलं होतं. नातवंडांना 'उंबरठा' म्हणजे काय ते सांगावं लागे, बकुळ स्वतः तो शब्द वापरायची.

मालक नाही म्हटल्यावर नियम हवेत. आणि नियम हवेत म्हटल्यावर अण्णा.

काय रंगले होते ते त्या दिवसांत! सुमित्राकाकूंना जेवायला तीन-तीनदा हाक मारावी लागे. देवयानीचं म्हणणं होतं की मदतनिसांसाठी वेगळे नियम करावेत, माणसांसाठी वेगळे. अण्णांनी ते उडवून लावलं. "एका पंगतीत दोन वाढपी नकोत," ते म्हणाले. "माणूस असो की मशीन, नियम एक." फरक ठेवला तो एवढाच की मदतनिसांनी सभेत बोलावं, पण हात वर करावा तो माणसांनीच. नववा नियम असा, की शेजारवर दिलेली खोली पेशंटचं नाव-गाव-धर्म पाहून नाकारायची नाही. तो लिहिताना अण्णांची छाती जरा फुगली होती. अकरावा नियम असा, की कुणाही सदस्याबद्दल तीन माणसांनी तक्रार केली तर त्याने थांबायचं. तक्रार करणाऱ्याचं नाव कुणाला कळणार नाही. सर्वसाधारण सभा त्याला परत घेईपर्यंत त्याने काही करायचं नाही, आणि त्याचं काम दुसऱ्या कुणीही करायचं नाही. हे शेवटचं वाक्य अण्णांचं आवडतं. एका नावाने काढलेला मदतनीस दुसऱ्या नावाने मागच्या दाराने आत येऊ नये म्हणून त्यांनी ते मुद्दाम घातलं होतं.

आणि एक वाक्य त्यांनी मुद्दाम घातलं नाही. मराठी माणसाची कुठलीही संस्था घ्या, तिच्या सभेच्या नोटिशीत खाली ते असतंच: गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व तिला गणसंख्येची अट राहणार नाही. त्या अर्ध्या तासात चहा होतो. मग जमलेले दहा-पंधरा जण "मंजूर, मंजूर" म्हणत सगळं उरकून टाकतात आणि बाकीचे मसालेभाताच्या वेळेला हजर होतात. अण्णांना या प्रकाराची चीड होती. शेजारच्या सभेला दहा माणसांमागे एक तरी आलंच पाहिजे, तेही स्वतः, कारण घरबसल्या फोनवर हात वर करायला दिला तर कुणाचा हात खरा आणि कुणाचा त्याच्या मदतनिसाने केलेला, हे कोण बघणार? नाही आले तर सभा नाही. पुढच्या महिन्यात परत बोलवा.

"अण्णा, लोक नाहीच आले तर?" देवयानीने विचारलं होतं.

"आपलं म्हटलं की येतात माणसं," अण्णा म्हणाले होते.

सुरुवातीला सगळं छान चाललं. खरवंडीकरांची बाल्कनीलगतची खोली सुमित्राकाकूंच्या नावावर शेजारमध्ये होती. यवतमाळचे एक मास्तर त्यांच्याकडे महिनाभर राहून गेले, धुळ्याची एक बाळंतीण राहिली. काकूंनी तिला मेथीचे लाडू करून घातले, बाळाला न्हाऊमाखू घातलं. जाताना ती बाई काकूंच्या गळ्यात पडून रडली. काकू हे कुणाला सांगत नसत. अण्णाच सांगत.

मग औशाचे बशीर मुजावर आले. शिलाई मशीन दुरुस्त करणारा माणूस. मुलगी नसीम, अकरावीतली. तिच्या हृदयाची झडप बदलली होती. ऑपरेशन चांगलं झालं, पण डॉक्टरांनी सांगितलं की घरी सोडलं तरी काही आठवडे दिल्लीतच राहायचं, सारखं येऊन रक्त तपासायचं, आणि मुख्य म्हणजे धूळ नको, गर्दी नको. नोव्हेंबरातली दिल्ली, बाहेर श्वास घेतला की घशात राख लागते. स्वच्छ, बंद खोली हवी होती. हॉस्पिटलच्या धर्मशाळेत जागा नव्हती, आणि दलालांच्या खोल्यांत आठ-आठ माणसं कोंबलेली. बकुळने शेजारमधल्या रिकाम्या खोल्यांना एकामागून एक विचारलं. नोएडाच्या घरी पाहुणे येणार होते. अण्णांच्याच सोसायटीतल्या विलासरावांकडे रंगकाम निघालं होतं. आणखी एका घरी अचानक कुणाची बहीण येणार होती.

बकुळने चावडीवर, म्हणजे शेजारच्या सगळ्यांना दिसणाऱ्या फलकावर, लिहिलं. कुणाचंच नाव घेतलं नाही. "आज नाही म्हणालेल्या खोल्यांपैकी तीन खोल्या याच आठवड्यात दुसऱ्या कुटुंबांसाठी 'आहे' म्हणून मला सांगितल्या होत्या. याआधी शेख आणि पठाण कुटुंबांच्या वेळीही असंच झालं. योगायोग असू शकतो, माझी समजूत चुकीची असेल तर सांगा, मी दुरुस्त करेन. नववा नियम आपण सगळ्यांनी केला आहे, म्हणून सगळ्यांसमोर विचारते आहे."

झालं! मोहोळच उठलं. नाव घेतलं नव्हतं तरी ज्याची त्याला टोपी बरोबर बसली. आता मशीन आम्हाला शिकवणार का, आम्ही घर उघडं टाकलं ते हे ऐकायला का, असं कुणी कुणी लिहिलं. संध्याकाळपर्यंत तीन तक्रारी आल्या. बकुळने शेवटचं लिहिलं, "अकरावा नियम लागू झाला आहे, मी थांबते. मुजावर कुटुंबाचं काम अर्धं राहिलं आहे, कुणीतरी बघा." आणि ती थांबली.

खरं सांगायचं तर अण्णांना पहिल्यांदा बरंच वाटलं. नियम चालतो म्हणजे काय, घड्याळासारखा चालला! वाद नाही, आरडाओरडा नाही, तीन तक्रारी आणि मशीन गप्प. ते सुमित्राकाकूंना तसं म्हणालेही. काकू भाजी निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी देवयानीचा फोन आला. "अण्णा, अब क्या? खोल्या कोण वाटणार? तुमच्या नियमाप्रमाणे बकुळचं काम दुसऱ्या कुणी करायचं नाही."

"सभा बोलव ना. रविवारी."

"बोलावली. पण त्या मुलीला सोमवारी सोडतायत."

अण्णा त्याच दुपारी हॉस्पिटलात गेले. बशीरभाई गेटजवळच्या भुयारी रस्त्यात भेटले, एका सतरंजीवर आपलं बोचकं राखत बसलेले. तिथे अशी रांगच होती, बिहारची, बंगालची, ओडिशाची माणसं, प्रत्येकाच्या उशाशी एक्स-रेची मोठी पाकिटं. बशीरभाईंनी अण्णांना सतरंजीवर बसायला जागा करून दिली, खालची घडी उलटी करून स्वच्छ बाजू वर केली.

"साहेब, ती बकुळबाई लई चांगली होती," ते म्हणाले. "रोज विचारायची पोरगी जेवली का. आमच्यामुळं तिची नोकरी गेली म्हणायचं का?"

"नोकरी नाही हो. थोडे दिवस थांबवलंय. रविवारी सभा आहे, लोक हात वर करतील, संध्याकाळी ती परत येईल आणि सोमवारच्या आत तुमची खोली होईल. मी सांगतो ना."

"मग झालं," बशीरभाई म्हणाले. एवढ्या चटकन विश्वास ठेवला त्यांनी की अण्णांनाच कसंतरी झालं.

घरी येऊन त्यांनी वाटाड्याला विचारलं. फोनशी बोलताना ते अजूनही जरा मोठ्याने बोलत. "तुला रिकाम्या खोल्या दिसतात ना?"

"दिसतात, अण्णा."

"मग एकच काम कर. फक्त या मुलीचं."

"थांबवलेल्या सदस्याचं काम दुसऱ्या कुणीही..."

"पाठ आहे मला. मी लिहिलंय ते."

"हो. चांगल्या कारणासाठी लिहिलंय. आज त्यामुळे अडलं आहे हे मलाही दिसतंय. सभेत मी तसं बोलेन, नियम बदला असंही सुचवेन. पण माझ्या मर्जीने मोडला, तर उद्या कुठला मदतनीस कुठला नियम मोडेल हे तुम्हाला सांगता येणार नाही."

स्वतःचंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की त्याच्याशी भांडता येत नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"अण्णा, एक सांगू?" वाटाड्या म्हणाला. "नियम शेजारमार्फत दिलेल्या खोल्यांना आहे. एखाद्याने आपल्या घरी आपला पाहुणा म्हणून कुणालाही बोलावलं, तर त्याला शेजारची परवानगी लागत नाही, सभाही लागत नाही. तुमच्या घरी खोली असेल, तर आज संध्याकाळी त्यांना सांगितलंत तरी चालेल."

बाल्कनीलगतची खोली अण्णांच्या समोरच होती. दार उघडं होतं. पलंगावर धुतलेली चादर घातलेली, खिडकी बंद, कोपऱ्यात घडी केलेलं बाळाचं दुपटं, धुळ्याच्या बाईने विसरलेलं. दिल्लीतल्या धुराचा कणही आत जाणार नाही अशी खोली. भिंतीपलीकडे देवघर.

"बघतो," अण्णा म्हणाले आणि फोन ठेवला.

रात्री जेवताना त्यांनी विषय काढला. तोही सरळ काढला नाही, मसुदा करतात तसा आडून आडून काढला. मुलगी किती लहान आहे, आपली खोली कशी रिकामीच आहे, आणि तसं बघायला गेलं तर.

सुमित्राकाकूंनी ताटातली पोळी मोडली आणि तशीच ठेवली. "बहीण येणार आहे म्हणून मी सांगितलं होतं तिला. त्या बकुळला."

"कुणाची बहीण?"

"माझी. नाही येणार ती. येणार असती तर तुम्हाला ठाऊक नसतं का? आणि तक्रारही केली मी. तिने ते सगळ्यांसमोर लिहिलं ना, तेव्हा मला असं वाटलं की मला चौकात उभं केलंय."

एवढी वर्षं संसार केला, काकूंचा राग त्यांना माहीत होता, रुसवा माहीत होता, पण हा आवाज नवा होता. त्यात रागही नव्हता.

"सुमित्रा, अगं ती मुलगी..."

"मला नका सांगू मुलीचं. मला कळत नाही का? मी त्यांचं वाईट चिंतते का हो? डबा सांगा, रोज देते. औषधं सांगा, हातातली बांगडी काढून देते. पण घरात, माझ्या देवाच्या भिंतीला लागून... नाही होत मला. माझ्या आईने मला असंच वाढवलं. आता या वयात मी कुठून नवीन होऊ?" त्यांनी डोळ्याला पदर लावला. "मी वाईट बाई आहे का? तुम्ही सांगा."

आता इथे अण्णांनी काय म्हणायला हवं होतं ते शेजारचं कुठलंही पोर सांगेल. आहेस, म्हणायला हवं होतं. निदान आज आहेस, उद्या नसशील, असं तरी. किंवा काही न बोलता उठून सकाळी त्या दोघांना टॅक्सीत घालून आणायला हवं होतं. ज्या माणसाने सहसचिवाला स्वल्पविराम हलवू दिला नाही, त्याला बायकोच्या एका प्रश्नाचं उत्तर देता येईना. ते म्हणाले, "जेव तू. पोळी गार होतेय." आणि त्यांना आतून फार लाज वाटली.

मग त्यांनी सगळा जीव सभेवर लावला. सभा झाली तर घरात काही बोलावं लागणार नव्हतं, हेही त्यात होतंच. त्यांनी फोनवर फोन केले. गुरुग्रामला मुलाला केला. प्रसन्न म्हणाला, "बाबा, संडेला रुचिराच्या ऑफिसचं गेट-टुगेदर आहे यार. आणि हात वर करायला तिथपर्यंत यायचं? ऑनलाइन ठेवा ना." विलासराव म्हणाले, "बिल्कुल येतो अण्णा, आपल्या खालच्याच हॉलमध्ये आहे ना." नोएडाचे म्हणाले, बघतो. कुणीच नाही म्हणालं नाही. दिल्लीत नाही कुणीच म्हणत नाही.

रविवारी सोसायटीच्या कम्युनिटी हॉलमध्ये अण्णांनी स्वतः खुर्च्या मांडल्या. देवयानी आली. गुरुग्रामपलीकडच्या मानेसरच्या कारखान्यांतली मराठी मुलं आली, रात्रपाळी करून, शेअर ऑटो आणि मेट्रो बदलत, डोळे तांबारलेले. त्यांच्याकडे शेजारला द्यायला खोली नव्हती, स्वतःच एका खोलीत सहाजण राहत. परीक्षेची तयारी करणारे काही विद्यार्थी आले. टेबलावर स्पीकर ठेवला होता, त्यातून मदतनीस बोलणार होते. मदतनीस झाडून सगळे हजर. वाटाड्याने दोन वाक्यांत प्रकरण मांडलं, आणि अकरावा नियम बदलण्याची सूचनाही नीट, शांतपणे वाचून दाखवली. त्यात खोट काढायला जागा नव्हती. अण्णांनीही काढली नसती.

पण खुर्च्या रिकाम्या होत्या. ज्यांच्याकडे खोल्या होत्या, त्यांच्याच. नोएडाचे आले नाहीत. प्रसन्न आला नाही. सुमित्राकाकू दोन मजले वर घरात होत्या. निघताना अण्णा दारात थांबले होते, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "मी आले तर मला हात वर करावा लागेल. आणि खाली ठेवला तर सगळे बघतील." विलासराव आले ते उशिरा, दाराशी उभे राहूनच त्यांनी मोजदाद केली आणि म्हणाले, "चार-पाच कमी पडतायत का? अहो अण्णा, अर्धा तास तहकूब करा, चहा मागवा, मग घ्या उरकून. हमेशा तसंच करतो ना आपण!"

हॉलमध्ये सगळ्यांनी अण्णांकडे पाहिलं. मानेसरच्या मुलांनी फार आशेने पाहिलं.

"तशी सोय नाही," अण्णा म्हणाले.

"नाही म्हणजे?"

"मी काढून टाकली."

विलासरावांना हसू आलं. वाईट हेतूने नाही, खरंच गंमत वाटली म्हणून. देवयानीने कपाळाला हात लावला. अण्णा खुर्चीच्या पाठीचा दांडा धरून उभे राहिले. वर जाऊन सुमित्राला हाताला धरून आणावं, प्रसन्नला फोन करून ओरडावं, विलासरावांच्या रंगकामाबद्दल चारचौघांत विचारावं, हे सगळं त्यांच्या मनात येऊन गेलं. विलासरावांच्या घराच्या भिंतींना रंगाचा थेंबही लागला नव्हता, ते त्यांनी स्वतः पाहिलं होतं. पण मग आपल्या घरी कुणाची बहीण आली, असं कुणी विचारलं असतं तर? ठरलेली वेळ गेली. सभा झाली नाही. पुढची सभा पुढच्या महिन्यात.

मुलं खुर्च्या आवरायला लागली. त्यांच्यातल्या एकाने जाता जाता विचारलं, "अण्णा, त्या मुलीला आमच्याकडे चालेल का? आम्ही दोन दिवस मित्राकडे झोपू. खोली धुऊन काढू." अण्णांना रडूच यायचं बाकी होतं. कारखान्याच्या दारातली खोली, दिवसभर ट्रकची धूळ, आणि रक्त तपासायला तिथून हॉस्पिटलात यायचं म्हणजे अर्धा दिवस. "डॉक्टरांना विचारतो," ते म्हणाले.

सोमवारी सकाळी ते हॉस्पिटलात जायला निघाले. चपला घालताना सुमित्राकाकूंनी डबा आणून दिला. मऊ मुगाची खिचडी, वर तूप, वेगळ्या डबीत लोणचं. "तिला तिखट चालतं का ते विचारलं नाही तुम्ही," त्या म्हणाल्या. "म्हणून मी घातलंच नाही. लोणचं वडिलांना." डबा गरम होता. अण्णांनी तो छातीशी धरला आणि मेट्रोत बसले.

नसीमला सकाळीच सोडलं होतं. भुयारी रस्त्यात त्याच सतरंजीवर ती भिंतीला टेकून बसली होती, नाकातोंडावर निळा मास्क, अंगावर वडिलांची शाल. डोळे मोठे, हनुवटी टोकदार. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांची धूळ तिच्या अंगावर येऊ नये म्हणून बशीरभाई तिच्यापुढे आडवे बसले होते. आडवं बसून कितीशी धूळ अडणार! अण्णांना पाहताच ते उठून उभे राहिले.

"सभा झाली का साहेब?"

"नाही झाली."

बशीरभाईंनी पुढे काही विचारलं नाही. का झाली नाही, कोण आलं नाही, काही नाही. जन्मभर अशा न झालेल्या सभा पाहिल्यासारखी त्यांनी मान हलवली. "तुम्ही एवढं केलंत. आपल्या माणसांबिगर एवढं कोण करतं?"

अण्णांनी डबा पुढे केला. नसीमने मास्क खाली ओढून दोन घास खाल्ले. "आमच्या आईच्या खिचडीसारखी झालीय," ती म्हणाली. खूप दिवसांनी घरचं तूप खाल्ल्यासारखी ती डब्याच्या कडेचं तूपही बोटाने पुसून खायला लागली, मग अण्णांचं लक्ष आहे म्हणून थांबली.

"खा, बाळ," अण्णा म्हणाले.

"मानेसरची पोरं आली होती सकाळी," बशीरभाई सांगू लागले. "उद्या तिकडं जाऊ म्हणतो. लई चांगली पोरं. डॉक्टर म्हणले, धूळ असेल तर मी काही सांगत नाही, तुमचं तुम्ही बघा. लांब आहे म्हणतात. बसनं दोन तास." ते अण्णांच्या पायातल्या चपलांकडे, हातातल्या मेट्रोच्या कार्डाकडे बघत होते. मग सहज, बोलण्यात बोलणं म्हणून विचारावं तसं त्यांनी विचारलं, "तुम्ही कुठं राहता, साहेब?"

"मयूर विहारला."

"ते बी लांब आहे का?"

अण्णांनी नसीमकडे पाहिलं. तिने डबा रिकामा केला होता आणि शालीच्या टोकाने पुसत होती, परत देताना स्वच्छ असावा म्हणून. वर, गेटबाहेर मेट्रोचं स्टेशन होतं. गाडी बदलून पाऊण तासात ते घरी पोहोचणार होते. काही म्हणता आलं असतं. अजूनही.

"हो," अण्णा म्हणाले. "लांब आहे."

"मग निघा, साहेब," बशीरभाई डबा त्यांच्या हातात देत म्हणाले. "उशीर नका करू. घरी वहिनी वाट बघत असतील."